विकेपर्यंत आमच्या

त्या वर्षी तळ्याचं पाणी मागं मागं सरत गेलं. एरवी जिथं पुरुषभर उंच लव्हाळी उभी असायची, तिथं चिखलाला भेगा पडल्या. जी काही लव्हाळी आली तीही गुडघ्याएवढी वाढून पिवळी पडली. थोरली सून सकाळपासून विळा घेऊन काठाकाठानं फिरली आणि दुपारी एका काखेत मावेल एवढा भारा घेऊन घरी आली. सासूबाई ओसरीवर बसल्या होत्या. त्यांनी भाऱ्यातली एक काडी काढून बोटाभोवती गुंडाळून पाहिली. काडी कट्कन मोडली.

"ही विणायची नाही, चुलीत घालायची," सासूबाई म्हणाल्या.

त्या घरात सगळे खुर्च्यांवर जगत. थोरलीचा नवरा सुतार. तो सांगाडे करायचा. पाय, पाठ, आडव्या पट्ट्या, सगळं खाचेत खाच बसवून, एकही खिळा न मारता. बैठक थोरली विणायची. लव्हाळी भिजवायची, ओली असतानाच पीळ द्यायचा आणि चारही कोपऱ्यांतून आत आत येत मधोमध गाठायचं. तिच्या उजव्या अंगठ्याचं कातडं त्या पिळानं जोड्याच्या तळासारखं झालं होतं. धाकटा दीर टेम्पो चालवायचा. तयार माल शहरातल्या दुकानात पोचवायचं काम त्याचं.

दुकानाशी त्यांचा व्यवहार सासऱ्यांच्या वेळेपासूनचा होता. माल यांचा, जागा दुकानदाराची. खुर्ची विकली की दुकानदार आपला वाटा ठेवून बाकीचं द्यायचा. विकली नाही तर ती परत न्यायची. कागद कधी झाला नव्हता. सासरे म्हणायचे, विकेपर्यंत आमच्या, विकल्यावर गिऱ्हाइकाच्या, दुकानदाराच्या कधीच नाहीत. दुकानदारही मान डोलवायचा. तो जुना माणूस. थोरलीला सूनबाई म्हणायचा, आणि घरातले सगळे त्याला काका म्हणायचे.

यंदा विणायला काही नव्हतं, पण गेल्या वर्षीचा बहुतेक सगळा माल काकांच्या दुकानात उभा होता. त्यावर वर्ष निघेल असा सगळ्यांचा हिशेब होता.

धाकटा सरस आणायला शहरात गेला होता. तो आला तो टेम्पोतून उतरलाच नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून तसाच बसून राहिला. सुतार रंधा मारत होता. त्याने मान वर करून पाहिलं.

"काय रे? सरस नाही मिळाला?"

"सरस मिळाला. काकांचं दुकान अर्धं बंद आहे. दिवाळं निघालं म्हणतात. कोर्टात अर्ज घातलाय त्यांनी स्वतःच."

रंधा थांबला. लाकडाचा एक लांब पापुद्रा सुताराच्या मनगटावर लोंबत राहिला.

"आपल्या खुर्च्या?" थोरलीनं विचारलं.

"आत आहेत. काचेतून दिसतात. आता सगळं बँकेचं होणार म्हणतात, जे आत आहे ते."

"बँकेच्या बापानं विणल्या का?" सासूबाई म्हणाल्या. कुणी हसलं नाही.

काकांचाच निरोप आला. बाजाराला सुट्टी असते त्या दिवशी दुपारी टेम्पो घेऊन मागच्या बाजूला या, दोघंतिघं या, बोभाटा नको. निरोप ऐकून धाकट्याचा जीव भांड्यात पडला. "बघ वहिनी," तो म्हणाला, "म्हातारा माणूस आहे, पण माणूस आहे."

सुट्टीच्या दिवशी बाजार उघड्याबोडक्या पाठीसारखा दिसत होता. दुकानांमागच्या बोळात उन्हानं तापलेल्या भिंती, फुटकी खोकी आणि एक झोपलेलं कुत्रं. काकांनी दार उघडलं. दाढी वाढली होती. सदऱ्याचं एक बटण खालच्या काजात गेलं होतं, त्यामुळे सगळा सदरा तिरका झाला होता. थोरलीला वाटलं सांगावं, मग वाटलं नको.

"या. लवकर आटपू. उद्या कोर्टाची माणसं येऊन सील लावणार."

आत अंधारात खुर्च्या एकमेकींवर चढवून ठेवलेल्या होत्या. थोरलीनं एकीच्या बैठकीवरून हात फिरवला. धूळ होती, पण वीण घट्ट होती. सुताराने वरची खुर्ची उचललीसुद्धा.

"थांब," काका म्हणाले. "आधी ही खोकी घालू खाली. वर तुमच्या खुर्च्या."

दाराशी खोकी रचून ठेवली होती, चिकटपट्टी लावून. काकांच्या दुकानात भिंतीवरची घड्याळं विकत, भारी, लाकडी चौकटीची. ती कोऱ्या खोक्यांत होती.

"ही आमची नाहीत," थोरली म्हणाली.

"तुमची नाहीत. माझी आहेत. तुमच्या घरी राहू देत काही दिवस. हे सगळं निवळलं की घेऊन जाईन मी." काका तिच्याकडे बघत नव्हते, चिकटपट्टीचं एक उचकटलेलं टोक अंगठ्यानं दाबून बसवत होते. "सगळं त्यांच्या घशात गेलं तर मी खाऊ काय, सूनबाई?"

धाकटा एक खोकं उचलून मोकळा झाला होता. थोरली दाराच्या मधोमध उभी होती, आणि बाजूला झाली नाही.

"काका, आमच्या खुर्च्या तेवढ्या द्या. त्या आम्ही दिवसाढवळ्या पुढच्या दारानंसुद्धा नेऊ. ही खोकी नाही नेत."

"मग खुर्च्याही मला सोडता येणार नाहीत," काका म्हणाले. आवाज चढला नव्हता. "दोन्ही जाईल, नाहीतर काहीच नाही. मी तरी नुसता तुमच्यासाठी का म्हणून जीव धोक्यात घालू?"

"वहिनी, सरक," धाकटा दबक्या आवाजात म्हणाला. "चार खोकी आहेत. कोण बघतंय?"

थोरलीनं नवऱ्याकडे पाहिलं. त्याच्या डोक्यावर खुर्ची होती, पाय वर करून, त्यामुळे त्याला मान हलवता येत नव्हती.

"अहो, यांची खोकी आपल्या खुर्च्यांखाली गेली, की आपल्या खुर्च्याही चोरीच्याच. मग कुणाला सांगणार आपल्या आहेत म्हणून?"

सुताराच्या मानेवरून घामाचा ओघळ सदऱ्यात उतरला. मग तो गुडघ्यात वाकला आणि त्याने खुर्ची होती तिथंच परत ठेवली. चारही पाय टेकले आहेत ना ते हलवून पाहिलं, सवयीनं.

परत जाताना टेम्पो रिकामा होता. रिकाम्या टेम्पोला खड्डे जास्त लागतात. धाकट्यानं सगळे खड्डे शोधून शोधून घेतले.

"आता तत्त्व चाटायचं का रोज सकाळी?" गावाजवळ आल्यावर तो म्हणाला.

थोरलीलाही तेच वाटत होतं.

सील लागलं. काचेवर आतून नोटीस चिकटवली गेली. ज्यांचा दुकानात हक्काचा माल असेल त्यांनी अमुक ठिकाणी येऊन अर्ज द्यावा. थोरली आणि सुतार गेले. कोर्टानं नेमलेल्या बाई एका अरुंद खोलीत बसल्या होत्या. त्यांना सर्दी झाली होती. बोलता बोलता त्या रुमाल नाकाला लावायच्या आणि माफ करा म्हणायच्या. पण ऐकून घ्यायच्या.

"करार आहे? चिठ्ठी, पावती?"

"नाही."

"खुर्च्यांवर तुमचं नाव, खूण, दुकानात पाटी, हा माल अमक्याचा आहे अशी?"

"पाटी होती पूर्वी. काकांनी काढली. गिऱ्हाईक परस्पर आमच्या गावी जायला लागलं म्हणून."

बाईंनी नाक पुसलं. "हे बघा, दुकानात जे सापडतं ते दुकानाचंच धरतात. त्यावर कर्ज देणाऱ्यांचा हक्क बसतो. पण बाजारात सगळ्यांना ठाऊक असेल, की हा माणूस दुसऱ्यांचा माल ठेवून विकतो, तर वेगळा विचार होतो. ठाऊक असणारी माणसं आणा. तुमचे नातेवाईक नकोत. आणि पुढच्या वेळी कागद करा. कितीही जुनी ओळख असली तरी."

बाहेर आल्यावर सुतार म्हणाला, "माणसं कुठून आणायची? आपण तर माल टाकून यायचो नुसते."

"मी बघते," थोरली म्हणाली.

मग ती रोज पहाटेची एसटी धरून शहरात जाऊ लागली. घरी सुतार मोडक्या खुर्च्यांची डागडुजी घेत होता. गावातलं कुणी पाय हललेली खुर्ची आणायचं, कुणी बैठक फाटलेली. बैठकीला लव्हाळी नव्हती. एका दुपारी थोरली परतली तर सासूबाई आपली झोपायची चटई उसवत बसल्या होत्या. जुन्या काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून मऊ करत होत्या.

"आई, मग झोपणार कशावर?"

"जमिनीवर. जमीन कुणी सील करत नाही."

शहरात थोरली आधी शेजारच्या शिंप्याकडे गेली. शिंप्याच्या तोंडात टाचण्या होत्या. त्याने त्या एक एक करून काढल्या, उशीत टोचल्या, आणि मग म्हणाला, "माहीत आहे हो, सगळं माहीत आहे. पण मीही त्याच बँकेचा देणेकरी आहे. त्यांच्यासमोर उभं राहून मी काय बोलू?" त्याने तिला बसायलाही सांगितलं नाही. निघताना मात्र तिच्या झोळीचा उसवलेला बंद दिसला, तेव्हा हात पुढं करून झोळी मागून घेतली आणि मशीनवर दोन टाके मारून दिले. पैसे घेतले नाहीत. साक्षीचं पुन्हा बोलला नाही.

समोरच्या भांडीवाल्यानं तिला गिऱ्हाईक समजून तीन कढया दाखवल्या. खरं कळल्यावर तिन्ही कढया परत टांगल्या आणि म्हणाला, "बाई, सकाळची भवानी व्हायचीय माझी." ती बाहेर येऊन उभी राहिली. दुसऱ्या दिवशी परत गेली. त्या दिवशी तो म्हणाला, "आलात पुन्हा?" तिसऱ्या खेपेला तिला पाहून तो मागल्या खोलीत निघून गेला आणि नोकराला म्हणायला लावलं, मालक नाहीत. त्याचे पाय पडद्याखालून दिसत होते.

चहाच्या गाडीवरच्या बाईनं तिला रोज उभी राहिलेली पाहिलं होतं. एक दिवस तिनं हाक मारली.

"अगं, किती उन्हात उभी राहशील? चहा घे. कसल्या शोधात आहेस?"

थोरलीनं सांगितलं. चहावाली हसली. "तुझ्या खुर्च्या ना? तुझा दीर माल टाकायला आला की माझ्याकडे चहा पितो, साखर दोन चमचे जास्त. दर वेळी सांगतो, माझी वहिनी विणते. मला कुणी विचारलं तर सांगेन. पण मला चारचौघांत बोलता येत नाही हं, आधीच सांगते. पैलवानाला विचार. त्याचं तोंड बंद करणं अवघड."

पैलवान म्हणजे बाजारातला हमाल. काडीसारखा माणूस, नाव पैलवान. दुकानात येणारं-जाणारं सगळं त्याच्या पाठीवरून जायचं. तो गोणीवर आडवा झाला होता. थोरलीचं बोलणं त्याने डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाला, "येईन. मला तसंही कुणी कधी बोलावून विचारत नाही काही."

ठरलेल्या दिवशी सील उघडलं. बाई आल्या, बँकेचा माणूस आला, चहावाली गाडी बंद करून आली आणि येताना पातेलं हातातच घेऊन आली. काकाही आले. ते आपल्याच दुकानात दाराजवळ उभे राहिले, बाहेरच्या माणसासारखे. थोरलीकडे त्यांनी पाहिलं नाही. मागच्या दारची ती दुपार दोघांच्या मध्ये उभी होती.

चहावाली दोन वाक्यं बोलली आणि पातेल्याकडे बघत राहिली. पण जे बोलली ते नीट बोलली. मग पैलवान पुढं आला.

"साहेब, मी घड्याळाचं खोकं जरा आपटलं, की काका माझ्या सात पिढ्यांची चौकशी करायचे," तो बँकेच्या माणसाला म्हणाला. "खुर्ची आपटली तर नुसतं म्हणायचे, अरे जपून, दुसऱ्याचा माल आहे. मला शिव्या कधी मिळतात आणि कधी नाही, यावरून मला कळायचं कुणाचं काय."

बाईंना हसू आलं आणि लगेच शिंक आली. बँकेचा माणूसही वाईट नव्हता; तोही हसला, आणि मग त्याने आपली फाईल उघडली.

"हे सगळं ठीक आहे. पण कर्ज घेताना यांनी सही करून दिलंय की दुकानातला सगळा माल त्यांच्या मालकीचा आहे. खुर्च्यांसकट. मी काय करू, सांगा."

बाईंनी काकांना विचारलं, "हे खरं आहे?"

दाराशी तिघंचौघं बघे जमले होते; त्यांत शिंपी होता, गळ्यात टेप, आत यावं की न यावं अशा विचारात. थोरलीला कळत होतं, काकांना आता नुसतं 'हो' म्हणायचं आहे. 'हो' म्हणणं त्यांच्या सोयीचं होतं. 'नाही' म्हटलं तर बँकेला खोटं लिहून दिल्याचं स्वतःच्या तोंडानं कबूल करावं लागणार होतं. आणि तिनं त्यांची खोकी नेली नव्हती.

"सही माझी आहे," काका शेवटी म्हणाले. "मजकूर खरा नाही. खुर्च्या यांच्या. यांच्या सासऱ्यांपासून. कर्ज जास्त मिळावं म्हणून मी आपल्या म्हणून दाखवल्या."

"याचे परिणाम तुम्हाला माहीत आहेत?" बाईंनी विचारलं.

"आता आणखी काय व्हायचं राहिलंय?" काका म्हणाले, आणि जरा वेळानं, "माहीत आहेत."

शिंपी आत आला. "मीही सांगतो," तो बँकेच्या माणसाकडे न बघता म्हणाला. "लिहून घ्या माझंही." आता त्याची तितकी गरज नव्हती. पण बाईंनी लिहून घेतलं.

उभ्या असलेल्या खुर्च्या सोडायचं ठरलं. विकल्या गेलेल्यांचे पैसे मात्र इतर घेणेकऱ्यांबरोबर रांगेत. मिळतील तेव्हा मिळतील, मिळतील तेवढे मिळतील, असं बाईंनी न लपवता सांगितलं. सुताराने मान डोलवली. मग त्याने बाह्या सरसावल्या, आणि धाकटा, पैलवान आणि तो असे तिघं मिळून पुढच्या दारानं, भर बाजारातून, खुर्च्या काढू लागले. थोरली टेम्पोत उभी राहून रचत होती. धाकटा प्रत्येक खुर्ची वर देताना म्हणत होता, "धर वहिनी." मागच्या दारच्या दुपारनंतर तो तिच्याशी एवढं बोललाच नव्हता.

दोर आवळून झाला तेव्हा काका टेम्पोपाशी आले.

"बहिणीकडे जायचं होतं. फाट्यापर्यंत सोडाल का?"

"पुढं जागा नाही," धाकटा म्हणाला. ते अर्धं खरं होतं.

"मागं या," थोरली म्हणाली.

पैलवानानं काकांना कमरेत हात घालून वर चढवलं, घड्याळाचं खोकं चढवावं तसं जपून. टेम्पो सुरू झाला. दोराला धरून उभे असलेले काका पहिल्याच गचक्याला तिच्या अंगावर येता येता राहिले. तिनं कडेची एक खुर्ची सोडवून खाली ठेवली.

"बसा."

"विकायचा माल आहे."

"बसल्यानं मोडत नाही. त्यासाठीच केलीय."

काका बसले. टेम्पो बाजारातून हळूहळू निघाला. दोन्ही बाजूंच्या दुकानांतून लोक बघत होते. आपल्याच बाजारातून, उघड्या टेम्पोत, खुर्चीवर बसून चाललेला तो माणूस स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत होता. थोरली त्याच्या आणि रस्त्याच्या मध्ये येऊन उभी राहिली. तेवढंच जमत होतं.

बाजार संपला, गोदामं संपली, वारा लागायला लागला.

"त्या दिवशी मला राग आला होता तुझा," काका म्हणाले.

"मलाही तुमचा आला होता."

"अजून आहे?"

तिनं खरंच विचार केला. "थोडा आहे."

काकांनी मान डोलवली. मग थोडा वेळ ते बैठकीच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. "एवढ्या खुर्च्या ठेवणार कुठं?"

"घरात. आम्ही बाहेर झोपू."

"फाट्यावर मांडून बघा. तळ्याकडे जाणाऱ्या गाड्या थांबतात तिथं पाण्याला. पण सरळ रांगेत लावू नका. सरळ लावल्या की शाळेसारखं दिसतं, माणूस बसायला बिचकतो. जराशा तिरक्या. दोन समोरासमोर, कुणी बोलता बोलता उठून गेल्यासारख्या."

थोरलीनं ऐकून घेतलं. फाटा दिसायला लागला तेव्हा तिनं टपावर थाप मारली. धाकट्यानं टेम्पो झाडाखाली उभा केला आणि काका उतरतील म्हणून वाट बघू लागला. थोरली दोर सोडायला लागली.

"वहिनी, काय करतेस?"

"चार उतरव. काका लावून दाखवतात कशा मांडायच्या."

धाकटा भावाकडे बघू लागला. सुतार केबिनमधून उतरून मागं आलेला होता. त्याने एक खुर्ची घेऊन खाली ठेवलीसुद्धा, आणि जमीन उंचसखल होती म्हणून एका पायाखाली चपटा दगड सरकवला. काका खाली उतरले. सदऱ्याच्या बाहीनं बैठका पुसल्या. एक खुर्ची वळवली, मागं सरून पाहिली, परत वळवली. त्यांची पाठ जराशी सरळ झाली होती.

एक गाडी थांबली. आतलं जोडपं पाणी घ्यायला उतरलं, आणि त्यातली बाई चालता चालता एका खुर्चीवर बसली, विचारल्याशिवाय. तिनं दोन्ही हात बैठकीच्या कडेला लावले.

"छान आहे हो," ती काकांना म्हणाली. "तुमच्या का या?"

"नाही," काका म्हणाले. "मी नुसता विकतो. मालकीण ती बघा, दोर सोडतेय."